काचेवरची शाई

फेब्रुवारी १९८७. बॉस्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका छोट्या खासगी विमानात दोन माणसे गप्पा मारत बसली होती. एक होते मिच केपॉर. ज्या लोटस कंपनीच्या हिशेबी सॉफ्टवेअरने अमेरिकेतल्या कचेऱ्यांत संगणक पोहोचवला, तिचे ते संस्थापक. दुसरे त्यांचे तरुण सहकारी जेरी कॅपलान. बोलता बोलता केपॉर खिशांतून चिठ्ठ्याचपाट्या काढत होते आणि त्यांवरचा मजकूर सोबतच्या अवजड पोर्टेबल संगणकात टंकत होते. कुठे भेटीची वेळ, कुठे फोन नंबर, कुठे अर्धवट सुचलेली कल्पना. ते पाहून विषय निघाला. आधी कागदावर लिहायचे आणि तेच पुन्हा कळफलकावर बडवायचे, हा दुहेरी खटाटोप कशासाठी? सरळ संगणकाच्या पडद्यावरच पेनाने लिहिता आले तर?

विमान उतरेपर्यंत दोघे त्याच विषयावर बोलत राहिले. त्याच वर्षी कॅपलान यांनी रॉबर्ट कार आणि केव्हिन डोरेन यांना सोबत घेऊन ‘गो कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी काढली. संगणकाच्या इतिहासात ‘पेन कम्प्युटिंग’ म्हणून ओळखले जाणारे धामधुमीचे पर्व तिथून सुरू झाले. ते जेमतेम अकरा वर्षे टिकले. एवढ्या काळात कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या आणि कोसळल्या, ॲपलसारख्या कंपनीची नाचक्की झाली आणि पडद्यावर पेनाने लिहिण्याची कल्पनाच खुळचट ठरवली गेली. आज विद्यार्थी टॅबलेटवर स्टायलसने व्याख्यानाची टिपणे काढतात, डॉक्टर, वास्तुविशारद आणि गणिताचे शिक्षक रोज काचेवर लिहितात. हे पाहिले की प्रश्न पडतो: तेव्हा नेमके काय चुकले होते? लोकांना पेन नको होते असे मुळीच नाही. त्या काळच्या बहुतेक यंत्रकर्त्यांनी पेनाकडून कळफलकाचे काम करून घ्यायचे ठरवले होते. लिहिलेले प्रत्येक अक्षर यंत्राने तिथल्या तिथे वाचून त्याचा छापील मजकूर केलाच पाहिजे, हा हट्ट त्या पर्वाला भोवला.

विजेच्या पेनाची गोष्ट याहून शंभर वर्षे जुनी आहे. टेलिफोनच्या शोधावरून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याशी ज्यांची स्पर्धा गाजली, त्या इलायशा ग्रे यांनी १८८८ मध्ये ‘टेलॉटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट घेतले. एका टोकाला माणूस पेनाने लिहायचा, पेनाची हालचाल विजेच्या स्पंदांत बदलून तारेवरून जायची आणि दुसऱ्या टोकाचे पेन तीच वळणे हुबेहूब गिरवायचे. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, त्या शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात हे यंत्र मांडले होते. पुढे बँकांत सह्या पाठवायला, रेल्वे स्थानकांवर आणि इस्पितळांत निरोप धाडायला त्याचा वापर झाला. लिहिणारा काय लिहितोय याच्याशी ग्रे यांच्या यंत्राला कर्तव्य नव्हते. हस्ताक्षर जसेच्या तसे पोहोचवायचे एवढेच त्याचे काम, आणि ते काम ते चोख करायचे.

यंत्राने अक्षर वाचावे ही आकांक्षा संगणकाबरोबर आली. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथल्या रँड या संशोधन संस्थेत टॉम एलिस आणि मॅल्कम डेव्हिस यांनी ‘रँड टॅबलेट’ तयार केला. सुमारे दहा इंचांचा चौरस, आत तांब्याच्या बारीक रेषांची जाळी आणि सोबत तारेने जोडलेले पेन. पेनाचे टोक जाळीवर कुठे टेकले आहे हे संगणकाला इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक कळे. किंमत होती १८,००० डॉलर. लिहायचे मेजावरच्या पाटीवर आणि अक्षर उमटायचे समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. तरी माणसांना याची सवय लवकर होते, असे संशोधकांना आढळले.

या टॅबलेटवर ‘ग्रेल’ नावाची प्रणाली चालवली गेली, ती आजही पाहणाऱ्याला थक्क करते. पेनाने वेडीवाकडी चौकट काढावी, संगणक ती सरळ करून देई. चौकटीत हाताने अक्षरे लिहावीत, ती छापील होऊन उमटत. शब्द नको असेल तर त्यावर खरडावे, तो पुसला जाई. १९६८ मध्ये ॲलन के या तरुण संशोधकाने ही प्रणाली पाहिली आणि तिचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. चार वर्षांनी त्यांनी मुलांना वहीसारखा बगलेत मारून नेता येईल अशा ‘डायनाबुक’ या संगणकाची कल्पना निबंधरूपात मांडली. तो संगणक त्या रूपात कधीच बनला नाही, पण ‘संगणक वहीसारखा असावा’ हे स्वप्न एका पिढीच्या डोक्यात पक्के बसले.

रँडच्या प्रयोगशाळेत हे जमले, कारण तिथे खोलीभर संगणक दिमतीला होता आणि लिहिणारे संशोधक अक्षर जपून, सुटे सुटे काढत. बाजारातल्या माणसाचे अक्षर असे शिस्तीचे नसते. एकच माणूस सकाळी एक ‘र’ काढतो आणि घाईत दुसराच. ही अडचण ओळखली जेफ हॉकिन्स यांनी.

हॉकिन्स ‘ग्रिड सिस्टिम्स’ या कंपनीत अभियंता होते. मेंदू कसा चालतो याचे त्यांना विलक्षण वेड. मध्येच नोकरी सोडून ते बर्कली विद्यापीठात त्याच अभ्यासासाठी गेले आणि तिथे त्यांनी अक्षरे ओळखण्याची एक युक्ती विकसित केली. परत येऊन त्यांनी १९८९ मध्ये ‘ग्रिडपॅड’ हा पेनाने चालणारा संगणक बाजारात आणला. दोन किलोंचे धूड, किंमत सुमारे अडीच हजार डॉलर. हॉकिन्स यांनी त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवली नाही. गोदामातला मालमोजणी करणारा कारकून, गस्तीवरचा पोलीस, पाहणीला गेलेला निरीक्षक अशांनी उभ्या उभ्या छापील तक्ते भरावेत, चौकटीत एकेक सुटे अक्षर लिहावे, एवढाच हेतू. मर्यादित कामामुळे यंत्र टिकले आणि विकलेही गेले.

कॅपलान यांची झेप याहून मोठी होती. भांडवल मागायला ते सिलिकन व्हॅलीतल्या ‘क्लायनर पर्किन्स’ या प्रख्यात गुंतवणूक संस्थेकडे गेले तेव्हा त्यांच्याकडे ना आराखडा होता, ना नमुना. आधीचा उमेदवार आकडे, आलेख घेऊन आलेला पाहून त्यांच्या पोटात गोळा आला. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी हातातली चामड्याची वही हवेत भिरकावली. ती मेजावर दाणकन आपटली. पुढच्या संगणक क्रांतीचा नमुना हा असा आहे, असे त्यांनी जाहीर केले. खोलीतले गुंतवणूकदार ती वही हातात घेऊन उलटसुलट पाहू लागले, तिच्यात किती स्मृती मावेल, वजन किती हवे यावर आपापसांतच वाद घालू लागले. कॅपलान यांना पैसे मिळाले. जॉन डोअर यांच्यासारखा वजनदार गुंतवणूकदार पाठीशी उभा राहिला आणि पुढच्या काही वर्षांत गो कंपनीने सुमारे साडेसात कोटी डॉलर उभे केले.

या पैशातून ‘पेनपॉइंट’ ही सर्वस्वी नवी कार्यप्रणाली घडली, आणि तिची आखणी करणारे खरोखरच प्रतिभावान होते. पडद्यावर वही दिसे, कडेला विभागांच्या खुणा, सुरुवातीला अनुक्रमणिका. शब्दावर फुली मारली की तो गेला, दोन शब्दांत काकपद काढले की तिथे जागा झाली. मुद्रितशोधक शतकानुशतके ज्या खुणा करत आले, तशाच या. पडद्यावर बोट किंवा पेन ओढून पान उलटण्याची जी सवय आज लहान मुलांनाही आहे, तिचा बराचसा विचार पेनपॉइंटमध्ये झालेला होता.

अडले ते दोन ठिकाणी. त्या काळचे प्रोसेसर आणि बॅटऱ्या या कल्पनेचा भार पेलण्याइतक्या सक्षम नव्हत्या. दुसरी अडचण होती मायक्रोसॉफ्ट. पेनपॉइंटची कल्पना गो कंपनीने मायक्रोसॉफ्टला विश्वासाने दाखवली आणि पुढे तिथेच प्रतिस्पर्धी तयार झाला, असा आरोप कॅपलान यांनी १९९५ च्या ‘स्टार्टअप’ या पुस्तकात केला. मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला नाही. घडले ते असे की १९९२ मध्ये पेनपॉइंट बाजारात आली त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही पेनासाठी खास विंडोज आणली आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या कुणाच्या गाडीत बसावे या विचाराने थबकल्या. आयबीएमने पेनपॉइंटवर चालणारा टॅबलेट काढला. ‘थिंकपॅड’ हे पुढे लॅपटॉपसाठी जगप्रसिद्ध झालेले नाव पहिल्यांदा लागले ते अशा पेनाच्या संगणकाला. पण ग्राहक आलेच नाहीत. गोचा यंत्रविभाग आधीच ‘ईओ’ या नावाने वेगळा झाला होता. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने ईओवर ताबा मिळवला, गोलाही तिच्यात विलीन केले आणि १९९४ मध्ये सगळाच कारभार गुंडाळला.

तोवर साऱ्या जगाची नजर दुसऱ्या एका यंत्रावर खिळली होती.

ॲपलचे प्रमुख जॉन स्कली यांनी १९९२ च्या जानेवारीत लास वेगासच्या भव्य मेळ्यात ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ अशी नवी संज्ञा मांडली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी शिकागोत त्याचे पहिले रूप दाखवले: न्यूटन. लिहा, आणि न्यूटन समजून घेईल, असे त्याचे आश्वासन होते. त्यासाठी ॲपलने अक्षर वाचण्याचे तंत्र घेतले थेट मॉस्कोहून. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षांत स्तेपान पाचिकोव यांनी ‘पॅराग्राफ’ नावाची कंपनी काढली होती. तिच्या गणितज्ञांनी जोडून लिहिलेले, गिचमिड अक्षरही वाचू शकणारी प्रणाली बनवली होती. त्या काळाच्या मानाने ही अचाट कामगिरी होती.

ही प्रणाली एकेक अक्षर वाचत नसे. ती अख्खा शब्द पाही आणि आपल्या शब्दकोशातल्या कोणत्या शब्दाशी तो जुळतो ते शोधी. अंदाज बरोबर आला तर जादू. चुकला तर मात्र एखादे अक्षर बदलण्याऐवजी भलताच शब्द पडद्यावर येई. आडनावे, गावांची नावे, लघुरूपे शब्दकोशात नसत, आणि टिपणवहीत तर माणूस जास्त करून हेच लिहितो. यंत्र वापरणाऱ्याचे अक्षर हळूहळू शिकत जाई खरे, पण ७०० डॉलर मोजून आलेला माणूस एवढा वेळ द्यायला तयार नव्हता.

३ ऑगस्ट १९९३ रोजी बॉस्टनमध्ये न्यूटन मेसेजपॅड विक्रीला आला. आधीच तारखा लांबल्या होत्या आणि घाईत बाहेर काढल्यामुळे सॉफ्टवेअर कच्चे होते. ज्यांनी त्यासाठी प्रतिष्ठा पणाला लावली ते स्कली जूनमध्येच प्रमुखपदावरून दूर झाले होते. महिना संपायच्या आत गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’ या लोकप्रिय व्यंगचित्रमालेने न्यूटनला आठवडाभर धारेवर धरले. पात्र सरळ वाक्य लिहिते आणि यंत्र त्याचे अंड्यावरच्या ठिपक्यांबद्दल काहीतरी निरर्थक वाचन करते. अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांत ही मालिका छापली जाई. ज्यांनी न्यूटन हातातही घेतला नव्हता, त्यांचेही मत बनून गेले. वर्षभराने ‘द सिम्प्सन्स’ या मालिकेतही न्यूटनच्या अक्षरवाचनाची खिल्ली उडवली गेली.

ॲपलच्या अभियंत्यांनी हार मानली नाही. लॅरी येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्कचे तंत्र वापरून सुट्या अक्षरांसाठी नवा वाचक तयार केला. न्यूटनच्या दुसऱ्या आवृत्तीत तो आला आणि ज्यांनी वापरला त्यांनी त्याची मनापासून वाखाणणी केली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या आवृत्तीत लिहिलेले शब्द न वाचता शाईच्या रूपातच ठेवण्याची, आणि वाटलेच तर नंतर वाचून घेण्याची सोयही होती. पण बदनामी पुसायला ते पुरेसे ठरले नाही. कंपनीत परतलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी २७ फेब्रुवारी १९९८ रोजी न्यूटनचे काम बंद केले.

दरम्यान हॉकिन्स यांनी उलट्या दिशेने विचार केला. यंत्राला माणसाचे अक्षर वाचता येत नसेल तर माणसाने आपले अक्षर थोडे बदलावे. त्यांच्या ‘पाम’ कंपनीने ‘ग्राफिटी’ नावाची लेखनपद्धती तयार केली. प्रत्येक इंग्रजी अक्षर पेन न उचलता एका फटक्यात काढायचे. ‘ए’ची आडवी रेघ गाळायची, ‘टी’चा नुसता काटकोन करायचा. अक्षरांची जागा वेगळी, आकड्यांची वेगळी. १९९६ च्या मार्चमध्ये आलेला ‘पाम पायलट’ शर्टाच्या खिशात मावत होता. तो नेमका केवढा असावा हे ठरवण्यासाठी हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत आणि बैठकीत त्यावर टिपणे घेतल्याचे नाटक करत. किंमत २९९ डॉलरपासून. दीड वर्षात दहा लाखांहून अधिक पायलट विकले गेले.

मराठी वाचकाला यातले एक तत्त्व ओळखीचे वाटेल. मोडी लिपीनेही वेगासाठी नेमके हेच केले होते. बोरू वारंवार उचलायला लागू नये म्हणून अक्षरांना गोलाई दिली, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सोडला, शिरोरेघ आधीच पानभर ओढून घेतली आणि अक्षरे तिला लटकवत नेली. फरक एवढाच की मोडीतल्या तडजोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या सोयीच्या होत्या, ग्राफिटीतल्या वाचणाऱ्या यंत्राच्या. ग्राफिटीत फोन नंबर, दोन ओळींचा निरोप लिहिता येई. तासाभराच्या व्याख्यानाची टिपणे, त्यात बाण, आकृती, समासातले शेरे हे तिच्या आवाक्यात नव्हते. शिवाय झेरॉक्सने १९९७ मध्ये पेटंटवरून खटला भरला आणि २००३ मध्ये पामला आपली मूळ पद्धत बदलावी लागली.

या सगळ्या गदारोळात एका लहान कंपनीने योग्य धागा पकडला होता. ‘आहा!’ नावाच्या या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने लिहिलेला शब्द वाचलाच जात नसे. तो शाईचा शब्दच राही, पण हलवता येई, ओळीत नव्याने बसवता येई, दोन शब्दांत तिसरा घुसवता येई. मजकुराच्या संपादनाची सारी सोय, आणि अक्षर मात्र लिहिणाऱ्याचेच. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. नोव्हेंबर २००१ मध्ये बिल गेट्स यांनी लास वेगासमध्ये भाकीत केले की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा संगणक टॅबलेट पीसी असेल. वर्षभराने टॅबलेट पीसी आले तेव्हा त्यांत ‘जर्नल’ ही वही होती, पाठोपाठ ‘वननोट’ आले, आणि दोन्हींत शाई शाई म्हणूनच जपली जाई. विचार बरोबर होता. यंत्रे मात्र जड आणि महाग होती, बॅटरी लवकर संपत असे, आणि सगळ्या मेनूंची, बटणांची रचना माऊससाठीच केलेली होती. गेट्स यांचे भाकीत खरे ठरले नाही.

२००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना जॉब्स यांनी स्टायलस कुणाला हवाय, असे विचारून तो विषयच निकालात काढला. तीन वर्षांनी आलेला आयपॅडही बोटांसाठीच होता. त्याच्या काचेला बोटाच्या स्पर्शातला विद्युतभार कळे. बारीक टोक तिला जाणवतच नसे, त्यामुळे बाजारात बोटासारख्या जाड रबरी टोकाचे स्टायलस आले. त्यांनी लिहिणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून लिहिण्यासारखे, कारण टोकाखाली काय उमटतेय ते दिसतच नसे. वर तळहात टेकला की तिथेही रेघोट्या. तरीही लोक लिहीत राहिले. नोटॅबिलिटी, गुडनोट्स ही टिपणांची ॲप याच काळात, जवळपास २०१०-११ मध्ये जन्मली.

या अडचणींचे उत्तर जपानमध्ये आधीपासून तयार होते. सायतामा प्रांतातली वाकॉम ही कंपनी १९८३ पासून चित्रकारांसाठी पाट्या बनवत होती. तिच्या तंत्रात पडद्याखाली तारांच्या वेटोळ्यांचा थर असतो. तो विद्युतचुंबकीय लहरी सोडतो, पेनातले छोटे वेटोळे त्या लहरींनी निनादते आणि तोच निनाद परत पाठवते. त्यावरून पेन कुठे आहे, किती दाबले आहे हे कळते. पेनात बॅटरी लागत नाही आणि तळहाताशी त्याचा घोळही होत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये सॅमसंगने बर्लिनला ‘गॅलक्सी नोट’ दाखवला तो हेच तंत्र घेऊन. ५.३ इंचांचा तो फोन अनेकांना अवाढव्य वाटला. वर्षभराच्या आत एक कोटी संच रवाना झाले.

९ सप्टेंबर २०१५ रोजी खुद्द ॲपलने पेन आणले. ॲपल पेन्सिल टेकताच आयपॅड प्रो आपला पडदा सेकंदाला २४० वेळा तपासू लागे. इथे लढाई मिलिसेकंदांची होती. पेन पुढे जाते आणि शाई मागून येते, हे अंतर डोळ्याला खुपले की हात बिचकतो, अक्षर बिघडते. २०१७ मध्ये हे अंतर २० मिलिसेकंदांवर आले, २०१९ मध्ये नव्या सॉफ्टवेअरने ते ९ वर आणले. त्यासाठी पेन पुढच्या क्षणी कुठे जाईल याचा अंदाज बांधून रेघ आधीच थोडी पुढे काढली जाते. ज्या बुद्धीने न्यूटन शब्दाचा अर्थ लावायला धडपडत होता, तीच आता रेघ वेळेवर उमटावी म्हणून राबत होती. काच आणि चित्र यांच्यामधली पोकळीही नाहीशी केली गेली, त्यामुळे शाई टोकाखालीच उमटू लागली. नॉर्वेतल्या ‘रिमार्केबल’ने २०१७ मध्ये कागदासारख्या खरखरीत पडद्याची वही आणली, ज्यात लिहिणे आणि वाचणे याखेरीज फारसे काहीच करता येत नाही.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार होती. इंग्रजी कळफलक येत नाही म्हणून संगणकापासून दूर राहिलेल्या माणसाला पेन हा सरळ रस्ता वाटत होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि काही अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा स्वस्त हातसंगणक आखला. २००४ मध्ये त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती आली, तीत स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ईमेल पाठवता येई. लिपी कोणतीही असो, यंत्राला ती वाचावी लागत नसल्याने अडतच नसे. बंगळुरूच्याच एचपीच्या प्रयोगशाळेने देवनागरीसाठी पेनाची पाटी बनवली. पाटीवर व्यंजने छापलेली. ‘क’वर पेन टेकवून मात्रेची खूण ओढली की ‘के’ तयार, वेलांटीची ओढली की ‘कि’. बाराखडी गिरवलेल्या कुणालाही शिकवावी लागणार नाही अशी ही रचना होती. बाजारात दोन्ही टिकली नाहीत, पण दोन्हींमागचा विचार आपल्या भाषांच्या आत शिरून केलेला होता.

देवनागरी वाचणे यंत्राला इंग्रजीहून कठीण जाते. काहीजण शिरोरेघ शब्द संपल्यावर ओढतात, काही अक्षरागणिक, घाईत लिहिणारे गाळतातच. पहिली वेलांटी दिसते आधी आणि उच्चारली जाते नंतर. जोडाक्षरे उभी की आडवी, हे ज्याच्या त्याच्या शाळेतल्या बाईंवर अवलंबून. त्यात मराठीचा ‘ळ’, ‘ऱ्य’मधला अर्धा ‘र’ आणि हिंदीहून निराळ्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’. या दोन अक्षरांचे मराठी वळण कोणते, हे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात स्पष्ट केले. हिंदीच्या नमुन्यांवर घडलेला वाचक मराठी हस्ताक्षरापुढे अडखळतो तो अशा जागी. २०१५ मध्ये गूगलने ८२ भाषांसाठी हस्तलेखनाची सोय आणली, त्यात देवनागरीही होती, आणि फोनवर बोटाने मराठी लिहून निरोप पाठवणारे अनेक ज्येष्ठ तेव्हापासून दिसू लागले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फळ्याविना गणित कसे शिकवायचे, हा प्रश्न घरोघरी बसलेल्या शिक्षकांपुढे उभा राहिला. अपूर्णांक, वर्गमूळ, भूमितीची आकृती कळफलकावर टंकत बसणे अशक्य. अनेकांनी लॅपटॉपला जोडायची पेनपाटी किंवा टॅबलेट मिळवला आणि आपल्याच अक्षरात पडद्यावर उदाहरणे सोडवून दाखवली. मुलांना पायरी-पायरीने उमटणारी रीत दिसली. छापील उत्तरातून ती दिसली नसती.

हाताने लिहिल्याने जास्त लक्षात राहते का, याचाही अभ्यास झाला. २०१४ मध्ये पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी दाखवले की लॅपटॉपवर टंकणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात, तर हाताने लिहिणारे आपल्या शब्दांत सारांश करतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांना अधिक चांगली उत्तरे देतात. हा निष्कर्ष जगभर गाजला. २०१९ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा फरक तितका ठळक आढळला नाही. म्हणून स्टायलसला बुद्धिवर्धक समजू नये. आकृती काढता येते, बाण ओढता येतो, समासात शंका लिहिता येते, हे त्याचे फायदे मात्र कोणत्याही प्रयोगाविना पटण्यासारखे आहेत.

अक्षर वाचण्याची जुनी आकांक्षा मेलेली नाही, तिने जागा बदलली. पॅराग्राफचे पाचिकोव यांनी पुढे ‘एव्हरनोट’ ही टिपणसंग्रहाची कंपनी स्थापन केली. आजच्या टिपणवह्यांत शाई जशीच्या तशी दिसते आणि यंत्र ती पडद्यामागे वाचून ठेवते, म्हणून वर्षापूर्वी हाताने लिहिलेला शब्द शोधला की सापडतो. वाचन चुकले तरी पानावरचे अक्षर बदलत नाही. जून २०२४ मध्ये ॲपलने दाखवलेल्या सोयीत तर हाताने समीकरण लिहून बरोबरचे चिन्ह काढले की उत्तर लिहिणाऱ्याच्याच वळणात उमटते.

एक काम मात्र अजून राहिले आहे. प्रत्येक ॲप आपली शाई आपल्याच पद्धतीच्या फाइलमध्ये साठवते. ॲप बदलायचे तर पाने पीडीएफ करून न्यावी लागतात आणि पीडीएफमध्ये शाईचे चित्र उरते. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, दाब किती, हा सारा तपशील हरवतो, आणि शब्द पुन्हा हलवणे वा शोधणे अवघड होते. यावर उपाय ठरलेला आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये ‘इंकएमएल’ हे शाई साठवण्याचे खुले मानक मंजूर केले. ते सर्वत्र रुजले असते तर एका ॲपमधली वही दुसऱ्यात तशीच उघडली असती. पाच-पाच वर्षांची टिपणे टॅबलेटमध्ये ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि ती यंत्रे विकत घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याला हा प्रश्न विचारायला हवा: आमची शाई आम्हाला खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल का?